पात्याची पाठ

माझ्या दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं आता मुठीत वळत नाहीत. ती माझ्यामुळे गेली. पुन्हा तशीच वेळ आली, तर मी पुन्हा तेच करीन.

तेव्हा मी तारापूर एमआयडीसीत एका चाकूच्या कारखान्यात होते. मिटून खिशात ठेवायचे चाकू आम्ही जोडायचो, ते परदेशी जायचे. कामावर लागले तेव्हा सुपरवायझर बाईंनी माझ्यासमोर दोन चाकू ठेवले. एक जुन्या पद्धतीचा. त्याचं उघडलेलं पातं नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उभं राहायचं. बाईंनी मुठीवर बोटांच्या जागी पेन्सिल धरली आणि पात्याच्या बोथट पाठीवर तळहात मारला. पातं मिटलं, पेन्सिलीचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या चाकूच्या मुठीत पोलादाची पातळ पट्टी होती. पातं उघडलं की ती टक् करून त्याच्यामागे येऊन अडायची. अंगठ्याने बाजूला सारल्याशिवाय पातं हलायचं नाही.

"या पट्टीने सगळा धंदा बदलून टाकला," बाई म्हणाल्या. "दोर कापणारे, मासे साफ करणारे, सगळ्यांची बोटं वाचली. मग पट्टीशिवायचा चाकू घेऊन कोण काम करणार?"

ती पट्टी बसवायचं काम माझ्याकडे आलं.

घर आमचं मासवणला, वहिनी तिथेच असायची, पण मी आणि दादा बोईसरला खोली घेऊन राहत होतो. तो स्टेशनबाहेर रिक्षा चालवायचा. एका शनिवारी दुपारीच सुटी झाली म्हणून मी स्टँडवर त्याच्याकडे गेले. तिथे भांडण पेटलेलंच होतं. दादाच्या नंबरची माणसं दुसऱ्या रिक्षावाल्याने आपल्या रिक्षात बसवली होती. तो सफाळ्याकडचा, ओळखीचा. आमच्या खोलीवर येऊन जेवलेला.

"नंबर माजा हाय. उतरव त्यांना."

"नाय उतरवत. काय करशील?"

दादाने त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि तोंडावर ठोसा मारला. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. आतली माणसं उतरून पळाली. त्याने एका हाताने नाक पुसलं, खिशातून चाकू काढला आणि दोन्ही हातांनी, नख लावून उघडला. टक् असा आवाज आला नाही. पट्टीचा चाकू नव्हता तो.

मी ओरडेपर्यंत पातं दादाच्या उजव्या खांद्यात गेलं होतं. त्या माणसाने ते उपसलं, तसा दादाचा हात मेल्यासारखा खाली लोंबला. पण दादा मागे सरला नाही. त्याने कपाळ त्या माणसाच्या फुटलेल्या नाकावर हाणलं. चाकू खाली पडला, तो माणूसही पडला. बाकीचे रिक्षावाले धावले. सोडवतील असं मला वाटलं, पण त्यांनी त्याला लाथांनी तुडवायला सुरुवात केली. एकाने सीटखालचा पाना आणून त्याच्या जबड्यावर मारला. तो आता हातसुद्धा आडवे घालत नव्हता.

"बाजूला व्हा," दादा म्हणाला. त्याने डाव्या हाताने चाकू उचलला होता. सगळे बाजूला झाले.

तो त्या माणसाच्या छातीवर बसला. मी मागून दादाचं मनगट धरलं.

"दादा, पुरे. तो मरेल."

"सोड, बाय."

त्याच्या कोपराने माझा ओठ फुटला. दादाचा हात वर गेला तो मला घेऊनच. त्याच्या अंगात एवढी ताकद होती की मनगट माझ्या हातातून निसटायला लागलं. पात्याची पाठ माझ्या तोंडासमोर होती. मी एका हाताने मनगट धरून ठेवलं आणि दुसऱ्या तळहाताने पात्याच्या पाठीवर जीव खाऊन फटका मारला.

पातं मिटलं. ओल्या काठीवर कोयता बसावा तसा आवाज आला. दादाची दोन बोटं आत सापडली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्याची मूठ उघडेना म्हणून ती मलाच उघडावी लागली.

तो माणूस जगला. त्याचा जबडा तारेने बांधला होता. दोघांवरही केस झाली. दादाचा खांदा भरला, पण बोटांच्या शिरा जुळल्या नाहीत. रिक्षाचा क्लच डाव्या हातात असतो. त्याने रिक्षा विकली आणि मासवणला शेतीवर गेला.

"त्यानं मारलेलं भरलं," एवढंच तो मला बोलला. "तू मारलेलं नाय भरलं."

मी कामावर परत गेले. जोडलेल्या प्रत्येक चाकूची तपासणी असते. उघडायचा आणि पात्याच्या पाठीवर लाकडी हातोडी मारायची. पातं मिटता कामा नये. सुरुवातीला मी हातोडी उचलून तशीच धरून ठेवायचे. बाईंनी विचारलं, दुसरं काम देऊ का? मी नको म्हटलं. पण बसवलेली पट्टी चोख अडली की मनात यायचं, त्या दुपारी दादाच्या हातात माझ्या हातचा चाकू असता, तर माझ्या फटक्याने पातं मिटलं नसतं, तो माणूस मेला असता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या भातकापणीला मी मासवणला गेले. दादा उजव्या हाताने विळा चालवत होता. डाव्या हातात भाताची मूठ नीट बसत नव्हती, काड्या गळत होत्या. वहिनी मागून त्या वेचत होती. दुपारी आम्ही बांधावर जेवायला बसलो. वहिनी पाणी आणायला गेली तेव्हा मी विचारलं, "दादा, मी मध्ये आले नसते तर ठार मारलं असतंस त्याला?"

त्याने घास चावून संपवला.

"हो," तो म्हणाला.

मला वाटलं होतं तो चिडेल, उठून जाईल. तो उठला नाही. त्याने भाकरीचा तुकडा मोडून माझ्या ताटात टाकला आणि वहिनीला यायला एवढा वेळ का लागतोय, असं म्हणत विहिरीकडे बघत राहिला.