मॅटला पाणी लागत नाही

जानेवारीतला तिसरा रविवार, दुपारचे चार. जागा: मुकुंदवाडी स्टेशनच्या मागचं मैदान. हजर: मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त क्रीडाशिक्षक सर, सचिव म्हणून मी, तिकीट खिडकीवर दोन कार्यकर्ते, पंच, आमचा आणि उस्मानपुऱ्याचा, असे दोन्ही संघ. प्रमुख पाहुणे वाटेत होते. गल्लीतल्या बायका कनातीच्या बाहेर.

शेवटची नोंद मी त्या दिवशी केली नव्हती. आता करते आहे.

आमच्या मंडळाची मुलींची कबड्डी स्पर्धा दर जानेवारीत होते. मी नोकरी करते पतसंस्थेत, पण डिसेंबर लागला की माझं खरं काम हे. पंचांचं जेवण, शिट्ट्या, प्रथमोपचार पेटी, माईक, चुना, सगळं यादीत असतं आणि झालेल्या कामावर मी लगेच रेघ मारते. यादीत नसलेली गोष्ट माझ्या हातून होत नाही. या वर्षी ते फार खरं ठरलं.

आतापर्यंत सामने मातीवर व्हायचे. अंतिम सामन्याच्या दिवशी माती शिंपावी लागते, नाही तर पहिल्याच पकडीला धुरळा उठतो आणि मुलींचे गुडघे सोलून निघतात. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही आलं तर. तरी मंडळानं यासाठी कधी टँकर मागवला नाही. घराघरातून एकेक कळशी नाही तर बादली यायची. बायका ओळीनं येऊन मैदानावर पाणी ओतायच्या, मग रोलर फिरायचा, आणि त्याच बायका पाण्याच्या टाकीच्या बाजूला पोती अंथरून सामना बघायला बसायच्या. ती बाजू त्यांचीच. एकदा गल्लीत नवीनच आलेले एक भाडेकरू तिथं जाऊन बसले, तर एकीनं विचारलं, "भाऊ, तुमची बादली कुठाय?" बिचारे घरी गेले, अर्धी बादली घेऊन आले, ओतली आणि मग बसले. ही गोष्ट आम्ही किती तरी वेळा हसून सांगितली आहे. मीही सांगितली आहे. आणि माझ्या यादीत 'पाणी' या शब्दापुढे दर वर्षी एवढंच असायचं: व्यवस्था होते.

या वर्षी आम्ही मॅट आणली. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. निवड चाचण्या मॅटवर होतात, आणि मातीत वाढलेल्या आमच्या मुली तिथं जाऊन घसरतात. पण मॅट भाड्यानं आणायची, गॅलरी बांधायची म्हणजे खर्च आला. बैठकीत तिकिटाचा विषय मीच काढला. गॅलरीला वीस रुपये, खुर्चीला पन्नास.

"बायका देतील का?" सरांनी विचारलं.

"वीस रुपयांत येतं काय सर? दोन चहा," मी म्हणाले.

कोणी विरोध केला नाही. मैदानाभोवती कापडी कनात लावायची, एकच प्रवेशद्वार ठेवायचं, तिकिटं दोन रंगांत छापायची, असं सगळं ठरलं. कनात मॅटच्या जवळून गेली, त्यामुळे पाण्याची टाकी बाहेर राहिली. कनातवाल्यानं विचारलंही, "टाकी आत घ्यायची का?" मी म्हणाले, कशाला, उगाच कापड वाढेल.

आता वहिनींबद्दल सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी आहे. त्यांची लेक आमच्या संघाची कर्णधार, सात नंबरची खेळाडू. तिची पोलिसांत निवड झाली होती आणि पुढच्याच आठवड्यात ती ट्रेनिंगला जाणार होती. म्हणजे आपल्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर हा तिचा शेवटचा सामना. वहिनींनी तिला दुसरीकडे कुठं खेळताना कधी पाहिलं नव्हतं, कारण गिरणी सोडून त्या जात नाहीत. दिवाळीतसुद्धा त्यांची गिरणी निम्मा दिवस चालू असते. पूर्ण संध्याकाळ बंद असते ती वर्षातून एकदाच, या सामन्याला. आठवडाभर त्या दळायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, "रविवारी नाय हं मिळणार पीठ. पोरीचा शेवटचा खेळ आहे, बघून घेऊ दे मला." मलाही सांगितलं होतं. त्यासाठी सोयगावहून त्यांचा भाऊ मुद्दाम आला होता.

साडेचारच्या सुमारास मी दारावर उभी होते. पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावर आल्याचा फोन आला होता. तेवढ्यात गल्लीकडून बायकांची ओळ आली. सगळ्यात पुढे वहिनी, कमरेवर पितळेची कळशी, भुवयांवर अजून थोडं पीठ. मागे सात-आठ जणी, कोणाकडे हंडा, कोणाकडे बादली. मॅट आणल्याचं त्यांना माहीत होतं. आठवडाभर मुलं त्यावर कोलांट्या मारत होती. तरी त्या पाणी घेऊन आल्या होत्या.

"वहिनी, पाणी कशाला आणलं?" मी म्हणाले. "या वर्षी मॅट आहे ना. मॅटला पाणी लागत नाही."

"मग कुठं टाकू?"

"ठेवा तिथं बाजूला. तिकीट त्या खिडकीवर."

मागची एक जण म्हणाली, "ऐका! यंदा मातीनं चटईच अंथरून घेतलीय. लाडावली जनू." सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले असते, पण नजर गाडीकडे होती.

वहिनींनी कळशी खाली ठेवली. त्यांच्या हातात पैसे होते. ते मला नीट आठवतं, पदराच्या गाठीत नव्हे, हातातच होते. म्हणजे तिकीट घ्यायची त्यांची तयारी होती.

"तिकिटाचं काय नाय ताई, घेऊ की," त्या म्हणाल्या. "पण पाणी आणलंय तर कडंला तरी शिंपडू का थोडं? सासूबाईंच्या येळेपासून टाकतोय आपण. तसंच आत जायचं बरं नाय वाटत."

त्या परवानगी मागत होत्या. कडेला शिंपडायला काय हरकत होती? काहीच नव्हती. मी म्हणाले,

"वहिनी, रांग अडते आहे. एक तर आत या, नाही तर बाजूला व्हा."

गाडीचं दार उघडत होतं. मी हे वाक्य पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलले, पण मागच्या बायकांना ते नीट ऐकू गेलं.

वहिनींनी हातातले पैसे पदराच्या गाठीत बांधले. मग म्हणाल्या, "बरं मॅडम." आणि बाजूला झाल्या.

इतकी वर्षं मी त्यांची ताई होते.

त्या बाजूला झाल्या तशा बाकीच्याही झाल्या. कोणी भांडलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. मला तर रांग मोकळी झाली म्हणून बरंच वाटलं. मी पाहुण्यांना हार घालायला आत गेले.

सामना सुरू झाला तेव्हा गॅलरी जवळजवळ रिकामी होती. खुर्च्यांवर पाहुण्यांबरोबर आलेली माणसं, पाहुण्या संघाचे पालक, आणि एका टोकाला वहिनींचा भाऊ. तो आधीच तिकीट काढून बसला होता. सर माईकवर वर्णन करत होते. सात नंबर चढाईला निघाली, गडी बाद करून परत आली, आणि आत चार टाळ्या वाजल्या. मग क्षणभरानं कनातीच्या पलीकडून आरडाओरडा झाला. बायका घरी गेल्या नव्हत्या. टाकीच्या कठड्यावर बसून त्या भोंग्यावरचं वर्णन ऐकत होत्या. सर बोलले की पलीकडून आवाज उठायचा. आमचे प्रेक्षक कापडाच्या त्या बाजूला होते.

पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, "बाहेर काय चाललंय?"

"गल्लीतले लोक आहेत," मी म्हणाले.

मध्यंतरात ती मुलगी पाणी प्यायला आली. "काकू, आई कुठंय?"

"बाहेर आहे. येईल."

"बाहेर का? बोलवा ना तिला."

कनात उचलून मी चार पावलं गेले असते, वहिनींचा हात धरला असता, कळशी उचलून कडेला शिंपडायला लावली असती, तर सगळं तिथंच मिटलं असतं. हे तेव्हाही मला कळत होतं. पण पाहुणे शेजारी होते, आणि दारावर जे बोलले ते सगळ्यांसमोर गिळायचं जिवावर आलं. मी सरांकडे गेले आणि म्हणाले, "गॅलरी रिकामी दिसते सर. जाहीर करून टाका, प्रवेश मोफत."

भोंग्यावरून आवाज गेला: "बाहेरच्या प्रेक्षकांना विनंती, आता प्रवेश मोफत आहे, मोफत आहे, आत येऊन बसावे."

एकही बाई आत आली नाही. उलट वहिनींचा भाऊ उठला, माझ्याजवळ आला आणि त्यानं तिकिटाचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला.

"ताई, हे घ्या. मी पन बाहेर बसतो."

"अहो, का? या ना त्यांना घेऊन आत. आता पैसे नाहीत."

"तेच तर," तो म्हणाला. "पैसे पडत होते तवा ती काढायला तयार होती. आता फुकट म्हणून बोलावताय व्हय? माझी बहीण कधी फुकट बसली नाय इथं."

तो गेला. मी तो तुकडा पाकिटात घातला. का, कोणास ठाऊक. टेबल स्वच्छ ठेवायची सवय.

दुसरा डाव अटीतटीचा झाला. अगदी शेवटी आम्ही एका गुणानं मागे होतो आणि सात नंबर चढाईला निघाली. मैदानामागून रेल्वेगाडी जात होती. दम ऐकू येईना म्हणून पंचांनी हात वर करून थांबवलं. गाडी गेली आणि ती पुन्हा निघाली. आत सगळे उभे राहिले. सरही उठले, टेबलावर माईक तसाच टाकून कडेला धावले, लहान मुलासारखे. त्यांनी शिकवलेली मुलगी ती. कोपऱ्यातल्या दोघींनी तिला धरलं, ती तशीच ओढत, फरफटत मध्यरेषेपर्यंत आली आणि तिचं बोट रेषेपलीकडे टेकलं. शिट्टी. दोन गुण. आम्ही जिंकलो.

भोंगा गप्प होता. पलीकडून आवाज आला, "काय झालं? ओ, काय झालं? कोणी सांगा की!"

तो आवाज वहिनींचा होता.

मी माईकपाशीच होते. बटण चालू होतं. मी माईक उचलला नाही.

मुलगी उठली, धापा टाकत टाकीच्या दिशेनं गेली, कनात खालून उचलली आणि वाकून पलीकडे गेली. "आई, जिंकलो आपण," एवढं ऐकू आलं. मग बायकांचा गलका. बक्षीस वितरणाला पाहुणे ताटकळत उभे राहिले. मी माझ्या यादीतली वेळ बघत होते. थोड्या वेळानं मुलगी परत आली, गुडघ्याला माती लागलेली. मॅटवर खेळलेल्या मुलीच्या गुडघ्याला माती. टाकीपाशी ती गुडघे टेकून आईच्या पाया पडली असणार. करंडक घेतला, फोटो झाले. वहिनी आत आल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात मुलगी ट्रेनिंगला गेली. तो सामना वहिनींनी ऐकला, पाहिला नाही. त्याला आता काही करता येत नाही.

संध्याकाळी सामान आवरताना ती कळशी दिसली. चहावाल्यानं ती आपल्या टेबलाखाली ओढून घेतली होती आणि त्या पाण्यात सामना संपेपर्यंत ग्लास विसळले होते. तळाशी थोडं तांबूस पाणी उरलं होतं. काठावर वहिनींच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. मी ती घरी आणली, चिंचेनं घासली, पुसून ओट्यावर ठेवली.

आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. साखर घालतात, तांदूळ घालतात, निदान चार लिंबं. मी गिरणीवालीच्या घरी गहू घालून नेऊ? साखर नेली तर वाटेल, मॅडम गोड बोलायला आल्या. पाणी भरून नेलं तर ते ओतायचं कुठं? मैदानावर आता मॅट नाही, माती उघडी आहे. वहिनींना तिथं बोलावून, सगळ्या बायकांसमोर, मी माझ्या हातानं शिंपायला हवं, आणि दारावर जे बोलले ते तितक्याच मोठ्यानं मागे घ्यायला हवं. हे मला पहिल्या दिवसापासून कळलेलं आहे.

दळण मी अजूनही तिथंच देते. त्या पीठ नीट चाळून देतात, डबा पुसून देतात. "झालं मॅडम," म्हणतात.

गेल्या गुरुवारी नळाला पाणी आलं. मी सगळी भांडी भरली आणि कळशीही भरली. कमरेवर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. गिरणीवर चार जणी होत्या. एकीनं बघितलं आणि म्हणाली, "काय ओ, आज पाणी घेऊन कुठं?"

"झाडांना," मी म्हणाले, आणि परत फिरले.

कळशी ओट्यावर आहे, भरलेली. अजून द्यायची आहे.