मामेसासरे आणि माझा उजवा कान

वर्ध्याजवळच्या सेलूचे माझे मामेसासरे माणसाचं तोंड कधी बघत नसत. बघण्यासारखं जे काही असतं ते कानात असतं, अशी त्यांची खात्री होती. सोनारानेच कान टोचावे ही म्हण आपण नुसती वापरतो, मामाजी तिच्यावर पन्नास वर्षं जेवले. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. तहसीलदार म्हणजे 'तो डाव्या पाळीवर तीळवाला'. मला बघायला आले तेव्हा नोकरी, शेती काही न विचारता माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "कान बरे आहेत. देऊन टाका पोरगी." माझ्याबद्दल इतकं चांगलं पुन्हा कोणी बोललं नाही.

एवढ्या माणसाचा एकच नेम होता: पाळीच्या वर सुई लावायची नाही. कॉलेजच्या पोरी हट्ट करत. मामाजी त्यांना चहा पाजून परत पाठवत.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुतणीच्या लग्नात फेट्याखाली भिकबाळी हवी, असं मला वाटलं. ती कानाच्या वरच्या कडेत घालतात. मामाजींकडे गेलो.

"जवाईबापू, चांगल्या कानाच्या काऊन मागं लागून राह्यले? पाळी पिकली तर बरी होते. वरची कुर्ची, थे कवळं हाड, पिकली तर कान जाते. दाबाची भिकबाळी भेटते, टोचा लागत नाही, थे घाला."

दाबाची! मी वर्ध्याला एका दुकानात जाऊन बंदुकीनं टोचून आलो. टक् झालं, संपलं.

चौथ्या दिवशी पाळी जागच्या जागी आणि वरचा कान भरताच्या वांग्यासारखा. मी तेल-हळद लावली, भिकबाळी गोलगोल फिरवली आणि वरून दुपट्टा गुंडाळला. मे महिना, अख्खा जिल्हा दुपट्ट्यात होता.

सहाव्या दिवशी मामाजी घरी आले. "कूलरसमोर दुपट्टा?" म्हणत त्यांनी तो उचलला, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"चाला दवाखान्यात. आत्ता."

डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला. म्हणाले, कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, औषध पोचायला वेळ लागतो. अजून दोन दिवस थांबला असता तर कान विरघळला असता. मामाजी शिकाऊ कारागिराचं काम तपासावं तशी मान हलवत होते. शेवटी हळूच विचारलं, "राहते ना पण कान?" चिरा देताना त्यांनी माझा डावा कान घट्ट धरून ठेवला होता. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

कान राहिला. वरची कड मात्र आक्रसली, भाजलेल्या पापडासारखी दुमडली. लग्नात फेट्याखाली पट्टी होती.

आता काचबिंदूनं मामाजींची नजर गेली आहे. ओट्यावर बसतात, आलेला माणूस वाकतो, ते कान चाचपतात आणि बहुतेक वेळा चुकतात. परवा नातवाला व्याही म्हणाले. मी काही न बोलता वाकलो. बोट पाळीवरून वर सरकलं आणि त्या घडीवर थांबलं.

"आले का, जवाईबापू?"

बोट काही त्यांनी लगेच काढलं नाही. मीही वाकलेलाच राहिलो.