जर्मन की जपानी

बारावीनंतर भाचीला एक परदेशी भाषा शिकायची होती. कुठली, ते ठरवायला बहिणीनं तिला माझ्याकडे पनवेलला पाठवलं. मी न्हावा शेवा बंदरात मालाची कागदपत्रं करतो, रोज परदेशी कंपन्यांशी संबंध येतो, म्हणून मला यातलं कळत असणार असा बहिणीचा समज.

मी जर्मन सुचवली. नोकऱ्या बऱ्या मिळतात, लिपीही ओळखीची. भाची नुसती मान डोलवत राहिली. उरणजवळच्या आमच्या गावात ही पोर अखंड बडबडायची, कॉलेजात गेली आणि गप्प झाली. वर्गात 'आमी', 'नाय' म्हणाली म्हणून मुली हसल्या, असं बहिणीनं फोनवर सांगितलं होतं. मला ते लागलं. कारण लहानपणी ती सुट्टीला माझ्याकडे आली की "नाय काय? नाही म्हणावं," असं मीच तिला टोकायचो. माझी बोली तर मी नोकरीला लागल्यावरच टाकून दिली होती.

रविवारी तिला दोन क्लासच्या पहिल्या, फुकट तासांना नेलं, मीही सोबत बसलो. जर्मनच्या तासाला तिनं तोंड उघडलं नाही. जपानीच्या बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला.

"ताबेनाय. म्हणजे खात नाही. शेवटी 'नाय' आला की नकार."

"आमच्यात पण असंच म्हणतात," भाची मागून बोलली. "खात नाय."

वर्ग हसला. पण बाईंनी तिलाच विचारलं, "मग 'जात नाही' कसं म्हणता?"

"जात नाय."

"इकानाय," बाई म्हणाल्या. "बघा, निम्मं तर येतंच तुम्हाला."

मग तासभर ती बोलत होती, चुकत होती, पुन्हा बोलत होती.

परतताना रिक्षात मी नोकऱ्यांचा विषय काढला. ती म्हणाली, "जर्मनला नोकऱ्या हायत, मला माहीत हाय मामा. पण मला इथं बोलायला भीती नाय वाटली."

मी म्हणालो, "लहानपणी मी तुला बोलण्यावरून टोकायचो. चुकलंच माझं."

"कधी? मला तर आठवत नाय."

खरंच आठवत नव्हतं की मला सांभाळून घेत होती, ते आजही सांगता येणार नाही.

तिनं जपानीच घेतली. पहिल्याच परीक्षेत ऐकण्याच्या भागात नापास झाली. काय बोलावं ते मनाशी जुळवून मी फोन केला, तर ती पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरत बसली होती.