उणं न बोलणारा मापाडी

हातात काहीही आलं की ते तळहातावर दोनदा वरखाली झुलवायचं आणि मग वजन सांगायचं, अशी त्याची सवय होती. औषधाची बाटली, पितळी कुलूप, पेरू, काहीही चालायचं. एकदा माझ्याकडे नुसतं पाहून म्हणाला, "सिस्टरबाई, तुम्ही दीड मण बिनधोक भरता." मी म्हटलं, "बाहेर मोंढ्यात सांगू नका म्हणजे झालं." तो मनापासून हसला.

तो जाफराबादचा मापाडी. अडत्याच्या मालाबरोबर दर आठवड्याला जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, यायचा. तुम्ही मापाडी काम करताना पाहिला असेल. पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. पोतं जरा उणं भरलं, तर 'उणं' हा शब्द तोंडातून जाऊ देत नाही. मूठभर वर टाकतो आणि 'पुरं' म्हणतो. तराजूपुढे अशुभ बोलू नये, हे त्याला बापाने शिकवलं होतं.

मी तेव्हा जालन्यातल्या एका दवाखान्यात बाळांच्या खोलीचं काम पाहत असे. किलोचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. आमचा काटा पौंडांचा आणि गावं शेर-छटाकांची, सोळा छटाकांचा एक शेर, म्हणून दोन्हींचा मेळ घालणारा एक कागद मी भिंतीवर चिकटवून ठेवला होता. तो आणि त्याची बायको पहिल्यांदा आले ते पावसाळ्याच्या सुरुवातीला. पहिलंच लेकरू, मुलगा, सव्वा महिन्याचा.

"पेलं की ओकून राह्यलं," तो म्हणाला. "आंबट वास येतो. रडून रडून निळं पडतं."

डॉक्टरांनी बाळाला आमच्यासमोर दूध पाजायला सांगितलं, पाजताना पोट चाचपलं. पाजण्याआधी आणि नंतर मी वजन केलं; आधीचं चार शेर भरलं. मापाड्याला ती तपासणी फार आवडली. आमच्या काट्याचं पारडं त्याने फुंकर मारून साफ केलं, रिकामं असताना काटा मधोमध आहे का तेही पाहिलं, आणि म्हणाला, "हां, आता बराबर."

मग डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं. जठराला दोन तोंडं असतात. वरचं सैल असेल तर दूध आंबट होऊन परत येतं, घसा जळतो, पण बाळ वाढत राहतं, आणि बसायला लागलं की त्रास बहुतेक थांबतो. खालचं आवळलेलं असेल तर पोटात गाठ लागते आणि दूध पुढे जातच नाही. मग शस्त्रक्रिया.

"ह्याचं कोन्तं हाय मंग?"

"पोटात गाठ तर हाताला लागली नाही. वरचंच असावं. पण आज नक्की सांगता येत नाही."

बायकोने बाळाचं तोंड पुसलं. ती म्हणाली, "एक्सरे हाय म्हनतेत तुमच्याकडं. आत्ताच काढा ना."

डॉक्टर म्हणाले, त्यासाठी पांढरं औषध पाजून पडद्यावर पाहावं लागतं. ओकणाऱ्या बाळाच्या फुप्फुसात ते उतरलं तर जिवाला धोका. आधी वजन पाहू. वाढत राहिलं तर एक्सरेची गरज नाही. घटलं तर त्याच दिवशी बाळ घेऊन यायचं. "घटलं तर काय करायचं?" असं मी दोघांना विचारलं आणि उत्तर म्हणवून घेतलं. माझी तशी पद्धतच होती.

दर आठवड्याला बाळाला नदी ओलांडून आणणं पावसात कठीण होतं. मापाडी म्हणाला, "मी येतोच की मोंढ्यात. काटा माझाच हाय. वजन सांगून जाईन." डॉक्टर हसले. याहून चांगला तोलणारा कुठून आणायचा?

त्याप्रमाणे तो यायचा. धोतराचा सोगा झटकून दारातच उभा राहायचा.

"चार शेर एक छटाक."

"मागच्यापेक्षा छटाकभर जास्त. ओकणं?"

"ओकतं. पर भरतंय."

"नीट तोललंत ना?"

"बिलकुल बराबर, बाई. काट्यावर जन्म गेला."

पुढच्या खेपेला चार शेर दोन छटाक, त्याच्या पुढच्याला चार शेर तीन. प्रत्येक वेळी मी पौंडांत करून डॉक्टरांना दाखवत होते आणि ते मान हलवत होते. एक्सरेचं नाव मागे पडलं. एकदा त्याने भाजलेल्या शेंगांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "लेकरू बसायला लागलं की पेढे."

मग एका दुपारी, मोंढ्याचा दिवस नसताना, त्याची बायको एकटीच बाळाला घेऊन आली. मी फडकं उलगडलं. मांड्यांवर कातडीच्या घड्या, टाळू आत गेलेली, चेहरा म्हाताऱ्याचा. काट्यावर ठेवलं. मला वाटलं काटा अडकला. पुन्हा ठेवलं. पहिल्या दिवसापेक्षाही दहा छटाक कमी.

"तुमच्या मालकांनी तर चार शेर तीन छटाक सांगितलं," मी म्हटलं.

तिने बाळाला परत फडक्यात घेतलं. "घरी मी बघतेच की. लेकराचं पारडं वर जातं. मी म्हनलं, घटलं. तर मला म्हनले, गप, भरलं म्हन."

त्याच दिवशी पांढरं औषध पाजलं. पडद्यावर ते जठरात साचून राहिलेलं दिसलं. खाली जेमतेम एक दोरा उतरत होता. शस्त्रक्रिया औरंगाबादेला, आणि बाळ तिथवर पोहोचण्याच्या पलीकडे गेलेलं. सलाईन दिलं, कारण दुसरं काही देण्यासारखं नव्हतं.

मापाडी दुसऱ्या दिवशी सकाळी धावत आला. डॉक्टरांनी आवाज न चढवता विचारलं, "घटलं तर आणा म्हणून सांगितलं होतं ना?"

"हां साहेब. समजलं होतं."

"मग?"

"घटलं म्हनलं असतं, तर घटलंच असतं."

"ते घटत होतंच."

"पोराचं उनं कसं बोलावं, साहेब? मला वाटलं, भरलं भरलं म्हनत राह्यलो तर भरंल."

त्या दिवसांत काय काय झालं ते मी नंतर अनेकदा एकेक करून तपासलं. सूचना दिली होती, ती समजली होती, पाठसुद्धा होती. एखादी गोष्ट राहून गेलेली सापडली असती तर बरं झालं असतं.

तो खाटेशी बसला. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, आता किती हाय?"

"तीन शेर सहा छटाक."

"तीन शेर सहा छटाक," तो म्हणाला. त्यात त्याने काही मिळवलं नाही.

दुपारी बाळ गेलं.

जाफराबादच्या मोटारीत मेलेलं माणूस घेत नसत. म्हणून बायकोने बाळाला झोपल्यासारखं खांद्यावर घेतलं, डोक्यावर पदर ओढला आणि चालायला लागली. त्याने दोनदा हात पुढे केले. दोन्ही वेळा तिने खांदा बदलला. मी स्टँडपर्यंत गेले होते. त्यानंतर तो मोंढ्यात दिसला नाही. त्या अडत्याकडे दुसराच कुणीतरी मोजायला उभा असे.

त्या दिवशी मोटारीत ती खिडकीशी बसली. कंडक्टर भला माणूस होता. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "मावशी, आतल्या बाजूला सरका. लेकराला वारं लागंल."

ती मुकाट्याने उठली आणि आत सरकली. मापाडी तिच्या जागेवर खिडकीत बसला, आणि मोटार सुटायच्या आत त्याने कापडी पडदा खाली ओढून त्याची दोरी घट्ट बांधली.