पशुपतीनाथापुढं न पडलेला पैसा

मुरूम गावाजवळच्या खेड्यातली सिद्धम्मा म्हणजे तोंडाची फटकळ आणि व्यवहाराची चोख. जन्मात एकदा नेपाळला पशुपतीनाथाला जायचं म्हणून तिनं पै पै साठवली. सन साठ-एकसष्टच्या सुमारास निघाली, तेव्हा गल्लीतली माणसं तिच्या हातावर एकेक पैसा ठेवून गेली. ज्याला जाता येत नाही त्यानं जाणाऱ्याच्या हाती आपल्या नावाचा पैसा द्यायचा आणि तोच देवापुढं पडायचा, ही मुरूमकडची रीत. सिद्धम्मानं ते पैसे पदराच्या वेगळ्या गाठीत बांधले.

सरहद्दीवर यात्रा नेणारे बाबूराव म्हणाले, "पलीकडं आपला पैसा चालत नाही. सगळे द्या, बदलून आणतो." परमुलखात अडायला नको म्हणून बिचारीनं ती गाठसुद्धा सोडली. बाबूरावांनी रुपयाला रुपया नेपाळी नाणी आणून दिली.

आणि देवळात बघते तर काय! ताटात आपल्याकडचेच पैसे खणखणतायत. पुजाऱ्यानं हिंदीत सांगितलं, "हे इथं सर्रास चालतात. उलट तुमच्या रुपयाला आमचे दीडाच्या वर मिळतात."

सिद्धम्माचं डोकंच फिरलं. भर देवळात तिनं बाबूरावांचा सदरा धरला.

"वरचं खाल्लंस, खा मुडद्या! पण माझ्या गाठीतलं पैसं आण!"

"ते सरहद्दीवरच्या सावकाराच्या गल्ल्यात गेले हो बाई. पैशाला काय नाव असतंय?"

"असतंय! धुळाप्पाचं हाय, प्रेमाबाईच्या मेलेल्या लेकीचं हाय. कुणाला इचारून बदललंस?"

बाबूरावांनी खिशातून चिल्लर काढली. "हे घ्या माझे, टाका."

"तुझं तुझ्या पापापायी टाक!"

बाकीचे यात्रेकरू म्हणाले, देवाच्या दारात तंटा नको. वा रे वा! लुबाडणारा शहाणा आणि बोलणारी भांडकुदळ!

तिनं गाठीच्या बदली आलेली नेपाळी नाणी देवाला वाहिली नाहीत. गावी येऊन दारोदार फिरली. "तुझा पैसा देवापुढं पडला न्हाय. ह्ये त्याच्या बदली आलंय, घे." लोक म्हणाले, जाऊ दे. प्रेमाबाईनं मात्र नाणं उलटंपालटं करून बघितलं. इथं त्याचं चिमूटभर मीठसुद्धा आलं नसतं. तिनं ते परत सिद्धम्माच्या हातावर ठेवलं.

"ह्ये तिकडंच चालतंय न्हवं, अक्का? मग पुन्हा जाशील तवा टाक. तिचं नाव तेवढं घे."

पुन्हा कुठलं जाणं! सिद्धम्मानं मूठ आवळली आणि बाबूरावाला शिव्या घालत तिथंच उंबऱ्यावर ढसाढसा रडली.