काळीपिवळीच्या दहा फेऱ्या

काळीपिवळीत जागा असते नऊ जणांची, बसतात सोळा. तरी ड्रायव्हर म्हणतो, "थोडं थोडं सरका, लई जागा हाय!" आमच्या जीप स्टँडवरच्या किश्शांचं तसंच झालंय. डोकं गच्च भरलं तरी दर वर्षी एखादा नवा येऊन दाटीवाटीनं बसतो. आज त्यातले थोडे खाली उतरवते.

माझा नवरा सेनगाव रोडवर काळीपिवळी चालवतो. नवरा ड्रायव्हर म्हणल्यावर बायकोच्या जिवाला घोर असतोच. मला तो जरा जास्तच आहे. आमची आरोही नुसती शिंकली तरी मी दवाखान्याचा कागद शोधायला लागते. अन् त्यात ही शर्यत!

शर्यत म्हणजे अशी. सोयाबीन निघालं की स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर आपापल्या जीपा गावाबाहेरच्या माळावर उतरवतात. अंड्यासारखा लांबट गोल आखायचा, कडेनं कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, भरलेली पोती लावायची आणि दहा फेऱ्या मारायच्या. गाडी रोजचीच पाहिजे, इंजिनाला हात लावायचा नाही. पहिला येईल त्याला ढाल.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ह्यांना विचारलं, "काहून पळता हो असं?"

तर म्हणे, "वर्षातून एकदाच असा रस्ता भेटते, ज्याच्यावर समोरून ट्रॅक्टर येत न्हाई!"

* * *

त्याच वर्षीची गोष्ट. मी म्हणलं, जायचं तर जा, पण माझ्या पद्धतीनं जा. ह्यांच्या छातीला एक गोधडी गुंडाळली, पाठीला दुसरी, पोटावर उशी, आणि वरून सुतळीनं आवळून टाकलं. हे जीपमध्ये बसले की कोंबले गेले ते मला अजून सांगता येणार नाही.

शिट्टी वाजली. जीप सुटली. सरळ रस्त्यावर हे एक नंबर! मी टाळ्या वाजवून राहिले. पहिलं वळण आलं, सगळ्या जीपा वळल्या, आमची सरळच गेली आणि कुटाराच्या पोत्यांत घुसली.

मी रडत पळाले. हे आतमधी बसलेले, केसालाही धक्का नाही.

"लागलं का हो?"

"लागायला जागा कुठं ठेवली तू! हातच वळंना, तर स्टेरिंग कसं वळवू?"

संतोष भाऊजी म्हणजे ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि शर्यतीतले दुश्मन. त्यांची जीप तिकडून फेरी मारून आली. जाता जाता ओरडले, "वहिनी, पुढच्या वर्षी गादी पण बांधा!"

* * *

माईकवर असतात सुभानराव. एसटीत कंट्रोलर होते, आता रिटायर. आयुष्यभर स्टँडवर एकच सूर लावला, तो आता बदलत नाही.

"प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. शर्यत अर्धा तास उशिरानं सुटेल."

मग शर्यत सुटते, पण सूर तोच. "संतोषची गाडी दुसऱ्या फेरीला लागलेली आहे. बबनची गाडी काही तांत्रिक कारणामुळं रद्द करण्यात आली आहे."

बबन बिचारा पंक्चर चाकापाशी बसला होता. तो तिथूनच ओरडला, "काका, रद्द न्हाई! दुरुस्ती चालू हाय!"

सुभानराव शांतपणे माईकवर म्हणाले, "चौकशी खिडकीवर यावं."

* * *

उस्मान चाचांची जीप स्टँडवरची सगळ्यात जुनी. चाचा तिला कधी ओरडत नाहीत, ती चाचांना कधी घाई करत नाही. दोन फेऱ्या झाल्या की इंजिन तापतं. मग चाचा थांबतात, बॉनेट उघडतात, पाणी ओततात, सावलीत बसून चहा पितात.

एका वर्षी शर्यत संपली, ढाल देऊन झाली, मंडपवाले खांब उपटायला लागले, तरी चाचा आपले एकटे गोल फिरून राहिले. मंडपवाल्यांना दर वेळी खांब घेऊन बाजूला व्हावं लागायचं.

ह्यांनी मधे जाऊन हात जोडले. "चाचा, हो गया! सब घर गये!"

चाचांनी खिडकीतून बोट वर केलं. "दस बोले थे ना? ये सातवा हय!"

* * *

आता हा किस्सा सांगताना मला माझीच लाज वाटते.

एका वर्षी शर्यतीच्या आधीच्या सोमवारी मी घरात सांगितलं, आरोहीला डोस द्यायचाय, औंढ्याला जाते. गेले ती सरळ नागनाथाच्या देवळात. लायनीत उभी राहते तर पुढं सासूबाई! त्या घरातून लेकीकडं जाते म्हणून निघाल्या होत्या.

"आत्या, तुमी इथं?"

"अन् तुजा डोस हितं देतेत व्हय?"

तेवढ्यात आमच्या दोघींच्या पुढची बाई पदर तोंडावर ओढून सरकायला लागली. बघते तर संतोष भाऊजींची रेखा!

तिघींचं दर्शन झालं. बाहेर पायरीवर बसून नारळ फोडला, तेव्हा एकेकीनं खरं सांगितलं. मी देवाला म्हणले होते, ह्यांची जीप जोरात पळू देऊ नको. सासूबाई म्हणल्या, "म्या बी तेच मागितलं." रेखा म्हणली, "मग मी का येगळं मागन? जिंकंना का कुणी, पण आमचे हळू जाऊ दे म्हणलं."

शर्यतीच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी शिट्टी वाजली आणि सगळ्या जीपा जागच्या जागी चिखलात रुतल्या. एकही हातभर पुढं गेली नाही!

ट्रॅक्टरनं जीपा ओढून काढताना सासूबाई माझ्या कानात म्हणल्या, "तिघींनी मिळून जरा जास्तच मागितलं गं."

* * *

फेऱ्या मोजायचं काम पण सुभानरावांकडंच. त्यांच्या टेबलावर प्रत्येक ड्रायव्हरची एक वाटी. गाडी समोरून गेली की त्या वाटीत एक भुईमुगाची शेंग टाकायची. दहा शेंगा झाल्या की शर्यत संपली.

गेल्या वर्षी आमची आरोही तीन वर्षांची. माझं सगळं लक्ष ह्यांच्या चाकांकडं. ही हात सोडवून कधी टेबलाखाली गेली कळलंच नाही.

संतोष भाऊजी सगळ्यांच्या आधी दहा फेऱ्या मारून थांबले. हात वर करून उतरले, गळ्यात हार घालून घ्यायला मान पण वाकवली. सुभानरावांनी वाटीत बघितलं.

"तुमच्या सातच झाल्या."

"सात? काका, डोळे तपासा!"

"शेंगा खोटं बोलत न्हाईत!"

तोवर ह्यांच्या दहा भरल्या आणि हार ह्यांच्या गळ्यात पडला. भाऊजी तणतणत टेबलाला गोल फिरायला लागले आणि खाली वाकून बघितलं. आरोही मांडी घालून बसलेली, पुढ्यात टरफलं.

"ह्येच शिकवलं का लेकराला!" भाऊजी ह्यांच्या अंगावर धावून आले.

हे म्हणाले, "अरे, तिला काय ठाऊक कुणाची वाटी!"

आरोहीनं भाऊजींकडं बघून हात पुढं केला. "काका, अजून."

* * *

त्या शेंगांपायी यंदा प्रकरण हातघाईवर आलं. वर्षभर भाऊजी स्टँडवर म्हणून राहिले, "ढाल काय, पोरीला टेबलाखाली बसवून कुणी बी जिंकते." हे घरी येऊन जेवायचे नाहीत धड. शर्यतीच्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "यंदा गोधडी न्हाई, देव न्हाई. आज मधी पडू नको. आज मला खरं जिंकू दे."

मी हो म्हणले. दुसरं काय म्हणणार?

पण नववी फेरी लागली. दोघं एकमेकांना चिकटून पळून राहिले. बंपरला बंपर घासायचा तसा खर्रकन आवाज यायचा. पलीकडच्या वळणावर आमच्या जीपची एका बाजूची दोन्ही चाकं उचललेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. टेबलाजवळच्या लिंबाखाली मी आरोहीला कडेवर घट्ट धरून उभी. शेवटची एक फेरी राहिली होती, आणि त्या फेरीत काय होणार ते मला दिसूनच राहिलं होतं.

तेवढ्यात डोक्यावर गठुडं घेतलेली एक म्हातारी मावशी माझ्याजवळ आली. घामाघूम झालेली.

"बाई, तासभर झालं रोडवर उभी हाय. एक जीप न्हाई. सेनगावची गाडी कुटं थांबती गं?"

कशी असणार जीप? सगळ्या तर माळावर!

मी धुळीकडं बघितलं. आमची जीप पुढं होती, मागं भाऊजी. मी म्हणले, "इथंच थांबते, मावशी. ही काय, आलीच. पोत्याच्या मागूनच हात करा."

मावशीनं हात केला.

करकचून ब्रेक लागला. धूळ खाली बसायच्या आधीच ह्यांचा आवाज आला, "चला, सेनगाव, सेनगाव! बसा पटकन!"

मागून भाऊजींची जीप थांबली. "मावशे, हिकडं या! पुढची सीट देतो!"

"ए संत्या, सवारी माझी हाय!"

"आता नंबर माजा हाय! सकाळी तू आधी भरला व्हता!"

"गठुडं द्या, मावशी, गठुडं!"

गठुडं ह्यांच्या हातात आलं म्हणून मावशी आमच्या जीपमध्ये बसल्या. तोवर उस्मान चाचा, यंदा चहाला एकदाही न थांबल्यानं शेवटच्याच फेरीला लागलेले, हॉर्न देत, बाजूनं, सावकाश, पुढं निघून गेले. भाऊजी त्यांच्या मागं सुटले, पण त्यांचं इंजिन बंद पडलं ते पडलंच.

आमची जीप निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये. खड्डा आला की हळू, वळण आलं की हॉर्न. मावशी खिडकीतून बाहेर बघत, पदरानं वारा घेत बसलेल्या. मी वर्षभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

फेरी पूर्ण झाली आणि जीप टेबलापुढं थांबली. चाचांच्या गळ्यात हार पडून राहिला होता. हे स्टेरिंगवर हात ठेवून माझ्याकडं बघत होते. मी आरोहीचं नाक पुसत होते.

मावशी गठुडं घेऊन खाली उतरल्या. लिंबाकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग वळून ह्यांना म्हणाल्या,

"आरं लेकरा, म्या हितूनच तर बसले व्हते!"