शाल, श्रीफळ आणि चौथा मजला

रिटायर झालेल्या फौजीला काही करावं लागत नाही. लोक त्याचा सन्मान करतात आणि किस्से आपोआप साठत जातात! वसईत माणिकपूरला रिक्षास्टँडशेजारच्या टपरीवर आम्ही तिघं रोज सकाळी चहाला जमतो. मी आर्मीत ड्रायव्हर होतो. कळंबचा मेहेर नेव्हीतला. आणि म्हात्रे सुभेदारांनी फौजेत पूल बांधले. सुरुंगात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तिथं आता नकली पाय आहे.

*

माझ्या शेजाऱ्याला फौजींबद्दल भारी आदर.

"काका, तुम्ही होतात म्हणून आम्ही सुखानं झोपलो!" म्हणत त्यानं डोळे पुसले. मलाही जरा भरून आलं.

मग तो हळूच म्हणाला, "थर्टीफर्स्टला कँटीनची रम मिळेल ना?"

*

मेहेरला एका शाळेत पाहुणा म्हणून बोलावलं. बाईंनी ओळख करून दिली, "हाडं गोठवणाऱ्या बर्फात हे सीमेवर उभे राहिले..."

मेहेरनं माईक घेतला. "बाई, आपन जहाजाच्या इंजिनरूममध्ये. तिथं पानीपन गरमच मिळायचं. बर्फ मी बघितला तो पापलेटाखाली!"

मुलं खूश. बाई मात्र आभारप्रदर्शनातही बर्फावरच होत्या.

*

एका कार्यक्रमात पुढारी तासभर उशिरा आले आणि आल्या आल्या म्हणाले, "आपल्या माजी सैनिकांसाठी एकदा सगळे उभे राहू या!"

सगळे उठले. म्हात्रे बसून राहिले. नकली पाय उन्हात टोचत होता. तेवढ्यात बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला, "आजोबा, उठा! फौजींचा मान ठेवा जरा!"

म्हात्रे उठले. म्हणाले, "चुकलं."

*

म्हात्रे राहतात चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिन्याचा कठडा रंगकामाच्या वेळी काढला, तो परत लागलाच नाही. भिंतीत नुसते हुक राहिलेत.

सोसायटी मात्र दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला त्यांना खाली बोलावून शाल-श्रीफळ देते. ते दर वेळी माईकवर सांगतात, "शाल नको, कठडा लावा." टाळ्या पडतात!

चेअरमन म्हणतात, "बघा, सुभेदारसाहेब किती विनोदी!"

गेल्या सव्वीस जानेवारीला सत्कार घेऊन वर जाताना म्हात्रे घसरले. कोपर मोडलं. वहिनींनी त्यांना खाली उतरायची बंदी केली. टपरीवर त्यांची खुर्ची रिकामी राहायला लागली. मला त्या चेअरमनचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू!

जुलैत म्हात्रेंचा फोन आला. "तुमच्या दोघांच्या सत्काराच्या शाली पडून असतील तर पाठवून द्या रे."

वसईच्या घामट हवेत शाल पांघरतो कोण? माझ्या कपाटात गठ्ठाच होता. मेहेरनं इन्व्हर्टरवरची काढली. कशाला हव्यात, ते काही आम्ही विचारलं नाही.

*

पंधरा ऑगस्टला कमिटीनं ठरवलं, सुभेदार येत नाहीत तर आपण वर जाऊ. आम्ही दोघंही मागोमाग निघालो.

चेअरमनच्या एका हातात नवी शाल. पहिल्या काही पायऱ्या ते भिंत चाचपडतच चढले. मग हाताला जाडजूड दोर लागला, हुकाहुकाला गाठ मारून थेट वरपर्यंत नेलेला. त्यांनी तो घट्ट धरला.

"वा! ही चांगली सोय झाली हो," ते सेक्रेटरीला म्हणाले. "कोणी केली?"

तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले, तेव्हा चेअरमननी मुठीतल्या दोराकडे नीट पाहिलं. पीळ घातलेलं मरून रंगाचं कापड, जरीचा काठ. मग दुसऱ्या हातातल्या नव्या शालीकडे पाहिलं.

म्हात्रे दारात मेडल लावून उभे होते. चेअरमननी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. फोटो झाला.

म्हात्रेंनी शाल काढली, दोन्ही हातांनी ताणून बघितली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "उद्या चहाला येतो. खालच्या पायऱ्यांना एक कमीच पडत होती."